दर रविवारचा पितर

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून रोजनिशी. प्रशिक्षणात सांगितलं होतं, दुसऱ्यांची मनं सांभाळणाऱ्याने रोज थोडं स्वतःचं लिहावं, म्हणजे डोकं मोकळं राहतं. माझं डोकं मोकळंच आहे. माझ्या बायकोचं, विमलचंही तेच मत आहे, फक्त ती ते वेगळ्या अर्थाने सांगते.

हुद्दा : केस मॅनेजर, विद्यार्थी मानसिक आरोग्य. वीस वर्षं दिग्रसच्या याच कॉलेजच्या होस्टेलचा रेक्टर होतो, त्याआधी इथल्याच एका कापसाच्या जिनिंगमध्ये. विद्यापीठाचं परिपत्रक आलं, प्राचार्यांना घाईघाईने एक नाव हवं होतं. म्हणाले, सदाशिवराव, पोट्टे तुमचं ऐकतात, तुमचंच टाकतो. दोन दिवस प्रशिक्षण झालं. काम सोपं आहे. पोरांशी बोलायचं, ज्याला गरज असेल त्याच्यासाठी यवतमाळच्या मनाच्या डॉक्टर दिपाली म्याडमकडे मंगळवारची वेळ घ्यायची, बसने सोबत न्यायचं, नंतर विचारपूस ठेवायची. इलाज म्याडमचा, धावपळ माझी. हे त्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं, की पोरगं बसमध्ये माझ्या शेजारी बसलं की यवतमाळ येईस्तोवर अर्धं बरं झालेलं असतं.

संकल्प : तंबाखूचा खर्रा बंद. पहाटे फिरणे. आणि प्रशिक्षणातला पहिला धडा : सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं.

९ सप्टेंबर, मंगळवार

फिरायला गेलो नाही. रस्ता ओला होता.

नवीन केस. रजत, बी.एस्सी. दुसरं वर्ष, गाव ढाणकी, होस्टेलला राहतो. गेल्या वर्षी त्याचा जिवलग दोस्त राजदीप, इथलाच, रोज होस्टेलवर येणारा, महागाव रोडच्या वळणावर मोटरसायकलवरून पडून गेला. गाडी रजतची होती. राजदीपने घटकाभरासाठी मागून नेली होती. तेव्हापासून हा मेसमध्ये अर्धी पोळी खातो, झोपत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असतो.

मी अर्धा तास नुसतं ऐकलं. तो काही बोलला नाही, म्हणून मग मलाच बोलावं लागलं. फक्त तीन सल्ले दिले. निघताना एवढंच म्हणाला, काका, मी गाडी दिली नसती तं? मी म्हटलं, बापू, असल्या 'तं'ला शेंडा नाही अन् बुडखा नाही. बरं वाक्य आहे. पुढेही वापरता येईल.

दिपाली म्याडमकडे पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपक्ष चालू आहे. विमलसोबत राजदीपच्या आईकडे, कौसल्याबाईंकडे जाऊन आलो. त्यांचे मालक केव्हाच वारले. घरात त्या आणि धाकटी मुलगी उर्वशी. उर्वशी आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे.

बाईंची अडचण अशी. सर्वपित्रीला राजदीपच्या नावाने जेवू घालायचं आहे, पण पितर म्हणून बसायला पोरगा मिळत नाही. आमच्याकडची रीत आहे ही : जो गेला त्याच्या वयाचा माणूस पाटावर बसवायचा, त्याचे पाय धुवायचे, आणि तो जेवला की गेलेला माणूस जेवला. म्हाताऱ्याचा पितर व्हायला रांग लागते. वडे, कढी, खीर, वरून टोपी-उपरणं. पण बिनलग्नाच्या तरण्या पोराच्या नावावर आपलं तरणं पोरगं कोणती माय बसवेल? कौसल्याबाई म्हणाल्या, भाऊ, सख्ख्या जावेनं दार लोटून घेतलं मले पाहून. आणि पदर तोंडाला लावला.

परत येताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. इकडे माय पोरासाठी झुरते. तिकडे पोरगं दोस्तासाठी झुरतं. दोन केसेस, एक ताट!

विमलला सांगितलं. ती म्हणे, आवो, त्या लेकराच्या मायबापाले तं विचारा. मी म्हटलं, विचारलं की माणसाला शंका येते. ती म्हणे, तेच तं म्हणून राह्यली मी.

बायकांना समन्वय कळत नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज रजतची यवतमाळची वेळ होती. रद्द केली. म्याडमना कळवलं, पोराला कणकण आहे. हे खोटं नाही, मनाला कणकण आहेच. आधी घरचा काढा, मग दवाखाना.

कौसल्याबाईंना सांगून आलो : बाई, हा पोरगा माझी केस आहे. अन्न सोडलंय त्याने. तुमच्या हातचं खाईल तर तरेल, तुम्ही नाही म्हणू नका.

मग रजतला सांगितलं : बापू, त्या मायला तुझ्यात तिचं पोरगं दिसतं. ती माझी केस आहे. तू गेला तर ती तरेल, तू नाही म्हणू नको.

दोघांनीही मान हलवली. गुप्तता पाळा, असं प्रशिक्षणात दहादा बजावलं होतं. पाळली. त्याचं फक्त तिला सांगितलं आणि तिचं फक्त त्याला.

खर्रा : एकच. कामाचा ताण.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

आजचा दिवस माझ्या कारकिर्दीत लिहून ठेवण्यासारखा.

रजत अंघोळ करून वेळेवर आला. कौसल्याबाईंनी त्याचे पाय धुतले तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. ताट वाढलं. उडदाचे वडे, कढी, खीर, डांगराची भाजी. छपराच्या कवेलूवर कावळ्याचा घास ठेवला. आता कावळा शिवल्याशिवाय पितराने घास उचलायचा नाही.

कावळा येईना. शेजारच्या घरी दोन येऊन गेले. आमच्याकडे पत्र्यावर एक बसला होता, पण तो नुसता पाहत होता. कढीवर साय धरली. कौसल्याबाई वर पाहून म्हणाल्या, राजू, काय राह्यलं बाप्पा तुह्यं? सांग तं खरी. उर्वशी चुलीपाशी उभी होती, ती ताटाकडे बघत नव्हती.

माझ्यातला केस मॅनेजर गप्प बसेल कसा? रजतच्या कानाशी लागलो : बोल काही तरी, दोस्त होतास ना त्याचा, शब्द दे. तो कावळ्याकडे पाहून म्हणाला, राजदीप, मी येत जाईन. दर रविवारी आईकडं जेवाले येत जाईन.

एवढं बोलला, आणि कावळा पत्र्यावरून कवेलूवर उतरला, वडा उचलला, गेला.

सगळ्यांनी हात जोडले. मीही. मी असलं काही मानत नाही, पण सगळे जोडत असताना आपण खिशात हात घालून उभं राहणं बरं दिसत नाही. रजत जेवला. पोटभर जेवला. मान वर न करता.

२२ सप्टेंबर, सोमवार

दिपाली म्याडमना मेसेज पाठवला : रजतची केस क्लोज्ड. बरा झाला.

त्यांचं उत्तर : काका, मी त्याला अजून पाहिलेलंच नाही.

हेच तर यश. पण हे लोक शिकलेले, त्यांना नाडीशिवाय वैद्य दिसत नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

रजतने शब्द पाळला. परत आला तो राजदीपचा तांबड्या चौकड्यांचा शर्ट घालून. कौसल्याबाईंनी पेटीतून काढून दिला. अंगात असा बसला जसा त्याच्याच मापाने शिवला. बाई रडल्या का, विचारलं. म्हणे नाही. बघा!

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

संध्याकाळी सोनं द्यायला निघालो. बसस्टँडजवळच्या गर्दीत राजदीप उभा होता. पाठमोरा. तोच शर्ट, भांग तोच, मान तशीच थोडी डावीकडे कललेली. तोंडातून हाक निघून गेली, राजदीप!

तो वळला. रजत होता. पाया पडला, मी आपट्याची पानं दिली, दोन शब्द बोललो.

घरी आल्यावर चपला काढताना लक्षात आलं. मी हाक राजदीप म्हणून मारली होती. आणि तो वळला होता.

मी घाबरलो नाही. हातातली पानं घामाने भिजली होती, पण दसऱ्यापर्यंत उकाडा राहतोच आपल्याकडे. आजचा खर्रा सणाचा. उद्यापासून पक्का बंद.

७ ऑक्टोबर, मंगळवार

म्याडमचा फोन. नागपूर शहरात वाढलेल्या आहेत, पितराची रीत त्यांना सगळी सांगावी लागली. ऐकून म्हणाल्या, काका, त्या पाटावर राजदीप बसतो, बरोबर? मग तेवढा वेळ रजत कुठे जातो?

मी म्हटलं, कुठे जाणार, तिथेच तर बसलेला असतो.

म्हणाल्या, तुम्हाला काय वाटतं ते नको, तो काय म्हणतो ते सांगा. मी म्हटलं, तो काही म्हणत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे. पुढच्या मंगळवारी नक्की आणा म्हणाल्या. मी हो म्हटलं. हो म्हणजे, बघू.

१२ ऑक्टोबर, रविवार

रजतचं वजन वाढलं. गाल भरले. कढी-वड्याला तोड नाही. फोटो काढून म्याडमना पाठवला.

किरकोळ नोंद : फिजिक्सचे सर भेटले. म्हणे, हजेरीत त्याचं नाव आलं की तो गप्प असतो, शेजारच्या पोट्ट्याला ढोसावं लागतं. मी सरांना समजावलं, पोरगं एकाग्र असतं. सर म्हणाले, सदाशिवराव, एकाग्र माणूस निदान आपल्या नावाला तरी हू म्हणतो.

मास्तर लोकांचं अर्धं आयुष्य तक्रारीत जातं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

रजतला यवतमाळला नेलं नाही. प्रॅक्टिकल होतं म्हणाला. नव्हतं, हे मला मागून कळलं. पण पोराने पुढे होऊन कारण सांगितलं, हीही एक प्रगतीच.

दुपारी उर्वशी आली. खुर्चीवर बसली नाही. जे बोलली ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, विचार करायला.

म्हणे, काका, दादा गेला तवा आम्ही मायलेकी रडत होतो. रडून झालं का आई उठे, चहा मांडे, म्हणे घे वं, आपल्याले तं जगाच लागते. आता आई रडत नाही. शनिवारपासून डाळ भिजवते. रविवारी ते पोट्टं येते, दादाच्या खाटेवर बसते. आई म्हणते, राजू, अजून घे. ते घेते. मले दोघाईकडं पाहवत नाही. माहा भाऊ एक डाव मेला होता, काका. तुम्ही त्याले दर रविवारी मारून राह्यले. संध्याकाळी शर्ट घालून फाटकातून निघून जाते ना, तवा.

मी तिला शांतपणे समजावलं, की बेटा, याला शास्त्रात सिबलिंग रायव्हलरी म्हणतात, भावंडांमधली असूया. ती म्हणाली, मेलेल्यासंग पण असते का ते?

उत्तर शोधून ठेवावं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

रजत दिवाळीला ढाणकीला गेला नाही. त्याच्या आईचा फोन आला. म्हणे, दादा, पोरगं सणाले आलं नाही. बापानं नवा पँट घेऊन ठेवला. फोन लावला तं हू हू करते, अन् आवाज दुसऱ्याच्या पोराचा वाटते मले. बिमार हाय का ते? मी म्हटलं, छे छे, एका दुःखी घराला आधार देऊन राहिला तुमचा मुलगा, अभिमान बाळगा. ती म्हणाली, अभिमान बाळगतो, पण त्याले दोन दिस धाडा.

आज भाऊबीज म्हणून कौसल्याबाईंनी रजतला बोलावलं होतं. विमल चिवडा घेऊन गेली, तिने पाहिलं ते सांगितलं. पाट मांडलेला, रजत त्यावर बसलेला, ओवाळणीचं ताट समोर. उर्वशी घरात नव्हती, मैत्रिणीकडे निघून गेली होती. कौसल्याबाई दारात उभ्या राहून वाट पाहत होत्या. निरांजन विझलं. बाईंनी परत लावलं. परत विझलं. पोरगं पाटावरून उठलं नाही. ऊठ म्हणायला कोणी नव्हतं, आणि आपल्या मनाने उठावं हे त्याला सुचलं नाही.

हे सांगून विमल न जेवता झोपली. तिचा अबोला मला एरवी मानवतो. आजचा मानवला नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

झोप नीट लागत नाही. वयामुळे असेल. ओसरीतला दिवा चालू ठेवतो, मच्छर फार झालेत. विमल म्हणे, मच्छर उजेडाले येतात, आवो, जात नाहीत. आणि मी झोपेत बोलतो म्हणे. काय बोलतो? ये बाप्पा, गरम हाय तवर खाऊन घे. कोणाला म्हणतो ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आज रजत ऑफिसात आला. आपणहून आला, पहिल्यांदा. शर्ट तोच. विचारलं त्याने, काका, कावळ्यासमोर देलेला शब्द मोडला तं काय होते?

मी म्हटलं, शब्द मोडू नये. हा सल्ला नव्हे, जुनी रीत सांगितली.

तो हसला. होस्टेलच्या गॅलरीत गेल्या वर्षी कित्येक महिने मी ते हसणं ऐकलं आहे. राजदीप रोज संध्याकाळी रजतला भेटायला यायचा आणि कठड्यावर बसून असाच हसायचा, आधी नाकातून, मग मोठ्याने. रजतला मी कधी हसताना ऐकलं नव्हतं, त्यामुळे त्याचं स्वतःचं हसणं कसं आहे ते सांगू शकत नाही. असंच असेल. पोट्ट्यांची हसणी सारखीच असतात.

तो गेल्यावर मी खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसलो. पाठीला वारा लागत होता.

१० नोव्हेंबर, सोमवार

पायाचा चिखल धुतला, आता लिहितो.

आज त्याचा पहिला पेपर. पेपर सुरू झाला, रजतची जागा रिकामी. होस्टेलवर धावलो. खोली उघडी. चौकड्यांचा शर्ट घडी करून उशीवर ठेवलेला. फोन बंद.

कौसल्याबाईंकडे गेलो. नाही. बाईंना मी म्हटलं, घाबरू नका, मी आहे. हे ऐकून त्या जास्तच घाबरल्या.

मग एकाच जागेचं नाव मनात येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हतो. शेवटी ऑटो करून महागाव रोडच्या त्या वळणावर गेलो. राजदीप पडला त्या बाभळीखाली कोणी नव्हतं. दोन्हीकडे तूर फुलावर आलेली, पिवळीजर्द, माणूस आत बसला तर दिसू नये एवढी उंच. मी बांधावर उभं राहून हाक मारली. पहिली हाक तोंडातून निघाली ती राजदीप म्हणून. मग रजत म्हणून मारली. मग पुन्हा पुन्हा रजत. तूर हलत होती. ती वाऱ्याने हलत होती, हे मी स्वतःला सांगत होतो. ऑटोवाला म्हणाला, काका, कोणाले बोलावून राह्यले? इथं रोडवर असं नाव घेऊन बोलावू नये.

तुरीत शिरलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाय चिखलात, अंगाला फुलं चिकटलेली. काय काय कबूल केलं मनातल्या मनात, ते इथे लिहीत नाही.

दुपारी तीनला दिपाली म्याडमचा फोन. रजत त्यांच्यासमोर बसला होता. सकाळच्या पहिल्या बसने एकटाच यवतमाळला गेला. तिथल्या बाईंना काउंटरवर म्हणाला, माझी मंगळवारची वेळ असते, पण मंगळवारी मले कोणी आणत नाही, म्हणून सोमवारी आलो.

मी बांधावर बसलो. ऑटोवाल्याने पाणी दिलं. त्याच्याकडे खर्रा होता, तोही दिला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

यवतमाळला जाऊन आलो. रजतचे आईवडील ढाणकीहून रात्रीच पोचले होते, मी जाईस्तोवर त्याला घेऊन गावी गेले. दर आठवड्याला तो म्याडमकडे येणार. पेपर उन्हाळ्यात देता येतील, प्राचार्य म्हणाले.

म्याडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, काका, तुम्ही प्रेमाने केलं, म्हणून त्याला नाही म्हणता आलं नाही. वाईट माणसाला नाही म्हणणं सोपं असतं.

यात माझी स्तुती आहे की नाही, यावर परतीच्या बसमध्ये दारव्ह्यापर्यंत विचार केला.

आता कौसल्याबाईंना कोणी तरी सांगायला पाहिजे, की रजत येणार नाही. म्याडम म्हणाल्या, मी शनिवारी येते, सोबत जाऊ. मी म्हटलं, कष्ट घेऊ नका, हे माझ्यावर सोडा. बोलण्याच्या बाबतीत आपला हात कोणी धरत नाही. त्यांचा होकार मिळायला वेळ लागला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

भाषण तयार आहे. सुरुवात मानवी मनापासून, मग मोह, मग मुक्ती, शेवटी धीर. बाईंचा तोल जाऊ शकतो, म्हणून शेजारणीला सांगून ठेवावं, पाणी जवळ ठेवावं. आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. विमल भाजी निवडत होती. म्हणे, आरशातले सदाशिवराव लवकर पटतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

गेलो. घरात कढीचा वास. ताट वाढून ठेवलेलं, पाट मांडलेला. मी गळा साफ केला. म्हटलं, बाई, मानवी मन हे कापसासारखं असतं...

कौसल्याबाई म्हणाल्या, नाही येत ना तो आता?

मी नाही म्हटलं.

बाई खांबाला पाठ टेकून खाली बसल्या. मी पाण्याचा तांब्या उचलला. त्या म्हणाल्या, बरं झालं बाप्पा. सुटलं लेकरू.

मग बोलत गेल्या. म्हणे, भाऊ, रविवार येऊच नये असं वाटे मले. दुसऱ्याच्या लेकराले राजू म्हणताना जीभ जड होये. पण राजू म्हटलं का घास उचले, म्हणून म्हणत गेली. तुम्ही सांगतलं होतं ना, याले खाऊ घाला, नाही तं तरत नाही हे पोरगं. मंग कशी बंद करू? एकाचं तं गेलं, दुसऱ्याचं मी उपाशी मारू? ते बी कढी घशाखाली ढकले अन् माह्या तोंडाकडं पाहे. मले वाटे, याले गोड लागून राह्यलं.

मला आठवलं, त्याला मी काय सांगितलं होतं ते.

भाषणाचा कागद खिशात होता. तो काढला नाही.

उर्वशी आतून आली. काही न बोलता ताटासमोर बसली, आईला हाताला धरून शेजारी बसवलं, वडा मोडला, अर्धा आईच्या हातात दिला. बाईंनी तो तोंडात घातला आणि घास तोंडात असतानाच रडायला लागल्या. राजू रे, असं म्हणून, आधी हळू आणि मग मोठ्याने, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं. उर्वशीही रडली. रडत रडत दोघी जेवत होत्या.

मी तांब्या घेऊन उभा होतो. मला कोणी बस म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. तांब्या खाली ठेवला, बाहेर येऊन चपला घातल्या.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळच्या बसने कौसल्याबाई आणि उर्वशीला यवतमाळला घेऊन गेलो. दोघींनी आपणहून वेळ मागितली होती. रस्ताभर मी काही बोललो नाही. उर्वशीने विचारलं, काका, तब्येत बरी नाही का?

रजत आधीच येऊन बाकावर बसला होता, सोबत वडील. अंगात साधा निळा टीशर्ट, मळका. वडील चहा प्यायला खाली गेले. कौसल्याबाईंना पाहून पोरगं उभं राहिलं आणि भिंतीला चिकटलं. हे मीच सांभाळायला हवं, म्हणून पुढे झालो. कौसल्याबाईंनी मला हाताने बाजूला केलं.

त्याच्याशेजारी बाकावर बसल्या. दोघंही समोरच्या पंख्याच्या बटनाकडे बघत होती. मग त्यांनी विचारलं, रजत, तुह्या मायचं नाव काय रे?

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं. केस माझी. त्याचा वर्ग, खोली, वजन, सगळं मला पाठ आहे. त्याच्या आईशी मी फोनवर बोललो आहे, तिला अभिमान बाळगायला सांगितलं आहे. नाव मला माहीत नव्हतं.

तो म्हणाला, सुखीबाई.

कौसल्याबाई म्हणाल्या, सुखीबाईले म्हण, तुमच्या पोराले डांगर आवडत नाही हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. तरी बी वाढत गेली. माफी असू द्या म्हण.

तो म्हणाला, आईले माहीत हाय. ती पण वाढते.

उर्वशीला हसू आलं. तिने ओढणीत तोंड लपवलं.

मग आतून बोलावणं आलं. म्याडम म्हणाल्या, आधी तिघांशी एकत्र बोलते. तिघं उठली, त्यांच्यामागे मीही उठलो. दारातल्या मुलीने मला थांबवलं. विचारलं, तुम्ही कोण?

मी हुद्दा सांगणार होतो. मोठा आहे, सांगायला वेळ लागतो. म्हटलं, सोबत आलोय.

ती म्हणाली, सोबतच्यांनी बाहेर बसा.

दार लागलं. आतलं काही ऐकू आलं नाही. कान लावून पाहिला.